पिंपातले डिझेल

शेतीच्या दोन हंगामांची नावे तुम्हांला मुद्दाम शिकवावी लागत नाहीत. खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द अरबी भाषेतून आले आहेत. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत ऋतू. पीक ज्या ऋतूत हाती येते, त्यावरून हंगामाला नाव पडले. वऱ्हाडातला शेतकरी कोणत्याही घरचा असो, हे शब्द त्याच्या तोंडी रोज असतात. शेतावरच्या गोठ्यात ठेवलेल्या एका वस्तूचे नावही तुमच्या असेच ओळखीचे आहे. मराठीत तिला पिंप म्हणतात आणि उर्दूत पीपा. दोन्ही शब्दांचे मूळ पोर्तुगीज भाषेत आहे. आज मी तुम्हांला या पिंपाविषयी आणि त्यात भरून ठेवलेल्या डिझेलविषयी सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, डिझेलचा आणि मराठीच्या पुस्तकाचा काय संबंध?" संबंध आहे. तुमच्यापैकी कोणाचे वडील ट्रॅक्टर चालवतात, कोणाचे भाऊ गॅरेजमध्ये काम करतात, कोणाच्या घरी चार-सहा एकर जमीन आहे. ज्याच्या घरी यांतले काहीच नाही, त्याच्या ताटात भाकरी आणि डाळ तर आहेच. ती ज्या शेतात पिकली, तिथे एखादा ट्रॅक्टर नक्कीच फिरला असेल.

शेतकरी डिझेल साठवून का ठेवतो, हे आधी समजून घेऊ. गावापासून पेट्रोल पंप आठ-दहा किलोमीटर दूर असतो. ट्रॅक्टर घेऊन रोज तिथे जाणे परवडत नाही. मध्यम आकाराचा ट्रॅक्टर काम करताना तासाला साधारण तीन ते सहा लिटर डिझेल पितो. दोनशे लिटरचे एक पिंप भरले, म्हणजे चाळीस-पन्नास तासांची काळजी मिटली. पाऊस पडल्यावर पेरणीला सगळा गाव एकदम उठतो. त्या वेळी पंपावर जाऊन उभे राहायला कोणाला सवड असते? कधीकधी तर पंपावरच डिझेल मिळत नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी अपघाताविषयीच्या नव्या कायद्याला विरोध म्हणून गाड्या थांबवल्या. टँकर निघाले नाहीत. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. दोन दिवसांत प्रश्न सुटला. पण ज्याच्या गोठ्यात भरलेले पिंप होते, तो त्या दोन दिवसांत निवांत झोपला.

तर साठवण हवीच. मात्र डिझेल म्हणजे लोखंडाचा नांगर नव्हे, की कोपऱ्यात टाकला आणि वर्षाने उचलला. तेही शिळे होते, खराब होते. आणि ते खराब झाल्याचे बाहेरून दिसत नाही.

माझे चाचा अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. मी अकोल्यात शिकवतो आणि सुटीत तिकडे जातो. तो सगळा भाग खारपाण पट्ट्यातला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, खोल आणि कसदार. पण जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खोदली तरी ते पाणी पिकाला देता येत नाही. मग रब्बीत काय करायचे? पावसाळ्याने जमिनीत मुरवून ठेवलेली ओल, म्हणजे उर्दूत आपण जिला नमी म्हणतो, तिच्याच भरवशावर हरभरा पेरायचा. पाऊस थांबला, की ही ओल वरून उडू लागते. जमीन फार ओली असेल तर ट्रॅक्टर रुतते, फार सुकली तर बी उगवत नाही. या दोन्हींच्या मधल्या स्थितीला मराठीत 'वापसा' असा सुंदर शब्द आहे. वापसा थोडेच दिवस टिकतो. एवढ्या दिवसांत पेरणी झाली तर झाली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ऑक्टोबर महिना होता आणि मी चाचांकडे गेलो होतो. शेजारच्या शेतात हरभऱ्याची पेरणी सुरू झाली होती. दोन-तीन तास ट्रॅक्टर ठीक चालला. मग त्याचा आवाज बदलला, धूर पांढरा येऊ लागला आणि तासाच्या मधोमध तो बंद पडला. शेजारच्या दादांनी पुन्हा पुन्हा चावी फिरवली. इंजिन गुरगुरायचे आणि गप्प बसायचे. "एअर धरली असंल," असे म्हणून त्यांनी पाइपातली हवा काढली. ट्रॅक्टर दहा मिनिटे चालला आणि परत थांबला. संध्याकाळी तालुक्याहून मिस्त्री आले. त्यांनी आधी इंजिनाला हातच लावला नाही. "डिझेल कोठलं?" एवढेच विचारले.

डिझेल जून महिन्यातले होते. सोयाबीनच्या पेरणीसाठी पिंप भरून आणले होते. त्यातले अर्धे संपले आणि अर्धे पिंप सगळा पावसाळा गोठ्याबाहेर, पत्र्याच्या वळचणीखाली उभे होते. मिस्त्रींनी घरातून काचेची एक स्वच्छ, कोरडी बाटली मागवली. नळीचे टोक पिंपाच्या अगदी तळाला नेऊन त्यांनी हातपंपाने बाटलीभर डिझेल काढले आणि बाटली ओट्यावर ठेवली. "आता हिले कोणी हलवू नका," ते म्हणाले. आम्ही सगळे भोवती बसलो. अर्ध्या तासाने तळाशी बोटभर पाणी वेगळे दिसू लागले. पाणी आणि डिझेल यांच्या मध्ये काळपट, बुळबुळीत असा एक पदर होता.

"ट्रॅक्टरले काही झालं नाही भाऊ, डिझेल बिघडलं," मिस्त्री म्हणाले.

टाकी रिकामी करणे, गाळण्या म्हणजे फिल्टर बदलणे, नोझल काढून शहरात तपासायला नेणे, यात चार दिवस गेले. चार दिवस ऊन कडक होते. दादांच्या निम्म्या शेतात हरभरा विरळ उगवला. खारपाण पट्ट्यात त्याला वरून पाणी देऊन सावरता येत नाही, हे मी तुम्हांला आधीच सांगितले आहे. त्या वर्षी त्यांच्या मुलीचे कॉलेजचे शुल्क चाचांनी भरले, ते त्यांनी पुढच्या कापसावर फेडले.

आता प्रश्न असा, की झाकण लावलेल्या पिंपात पाणी आले कोठून? हे मला फार नवलाचे वाटते. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

अर्धे रिकामे पिंप श्वास घेते. दुपारी पत्रा तापतो, आतली हवा फुगते आणि बुचाच्या फटीतून बाहेर पडते. रात्री पिंप निवते, आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यातली हवा दमट असते. तिच्यातली वाफ थंड पत्र्यावर आतून दवासारखी जमते आणि थेंब थेंब खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, तर एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे पाणी सरळ तळाशी जाऊन बसते. रोज थोडे, पण चार महिने रोज.

याहून वाईट म्हणजे उभ्या पिंपाचे डोके. पिंपाच्या वरच्या बाजूला कडेने काठ असतो, तुम्ही पाहिला असेल. पाऊस पडला की त्या काठाच्या आत पाण्याचे तळे साचते आणि बूच त्या तळ्यात बुडते. रात्री पिंपाने श्वास आत घेतला, की तो हवेचा नसतो, पाण्याचा असतो! बूच कितीही घट्ट वाटो, पाणी वाट काढते. म्हणून जाणती माणसे पिंप उघड्यावर उभे ठेवत नाहीत. ते छपराखाली, सावलीत, लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवतात. दोन्ही बुचे डिझेलच्या पातळीखाली राहतील असे, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. उभेच ठेवणे भाग पडले तर एका बाजूने खाली वीट लावून थोडे कलते करतात आणि बूच उंच बाजूला ठेवतात. एका विटेचे काम आहे.

पाणी आले, की त्याच्या मागोमाग जीव येतात. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भेटतात, तिथे सूक्ष्म जंतू आणि बुरशी वाढते. डिझेल हेच त्यांचे अन्न. आम्ही बाटलीत पाहिलेला काळपट पदर तो हाच. हा पदर गाळण्यांत अडकतो आणि इंजिनाला डिझेल पोचू देत नाही. शिवाय हवेशी आणि उष्णतेशी सतत संबंध आल्याने डिझेलमध्ये चिकट साका तयार होतो. चांगल्या स्थितीत ठेवलेले डिझेल सहा महिने ते वर्षभर टिकते, असे सर्वसाधारणपणे मानतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा मी तर सहा महिन्यांचाच हिशेब धरीन.

इंजिन एवढे नाजूक का, असे तुम्हांला वाटेल. ट्रॅक्टर चिखलात लोळतो, दगडावरून उड्या मारतो. पण डिझेल फवारणारा त्याचा पंप आणि नोझल घड्याळजीच्या कामासारखे बारीक असतात. त्यांच्या भागांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. तुमच्या डोक्यावरचा केस त्या फटीपुढे दोरखंड ठरेल. या भागांना वेगळे वंगण घातलेले नसते. बहुतेक ट्रॅक्टरांत डिझेलच त्यांचे वंगण. तिथे पाणी पोचले तर गंज चढतो. तापलेल्या नोझलपाशी त्याच पाण्याची एकदम वाफ होते आणि टोकाला इजा पोचते.

या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल हा जर्मन अभियंता. त्याचा जन्म १८५८ मध्ये पॅरिस येथे झाला. १८९७ मध्ये त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. इंधनाला आपण डिझेल म्हणतो ते त्याच्याच नावावरून. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात असे एक छोटे इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. कष्टाच्या कामांत आपले इंजिन साऱ्या जगात जाईल, हे या माणसाला दिसले असावे. पण ते पाहायला तो फार दिवस उरला नाही. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या जहाजातून तो रात्री नाहीसा झाला. पुढे त्याचे प्रेत समुद्रात सापडले.

असो. आपण पिंपाकडे परत येऊ. डिझेल वापरण्याजोगे आहे की नाही, हे कसे ठरवायचे? चाचांकडे त्या ऑक्टोबरपासून एक रिवाज पडला आहे. जुन्या पिंपातले डिझेल टाकीत घालण्याच्या आदल्या दिवशी एका बाटलीत तळचे डिझेल घेतात आणि दुसऱ्या बाटलीत पंपावरून नुकतेच आणलेले. दोन्ही बाटल्या रात्रभर शेजारी शेजारी ठेवतात. सकाळी बाटलीमागे वर्तमानपत्र धरायचे. चांगल्या डिझेलमधून अक्षरे स्वच्छ वाचता येतात. अक्षरे धुरकट दिसली तर डिझेलमध्ये पाणी मिसळलेले आहे, असे समजावे. तळाशी थेंब, गाळ किंवा शेवाळासारखे धागे दिसतात का, ते पाहायचे. ताज्यापेक्षा रंग फार गडद झाला असेल तर डिझेल जुने झाले. केवळ रंगावर मात्र निकाल देऊ नये. ताज्या डिझेलचा रंगही दर वेळी अगदी एकसारखा नसतो. वासही मदत करतो. कुजका किंवा आंबूस वास आला तर शंका घ्यावी. पण वास घेण्यासाठी पिंपात तोंड घालायचे नाही, बाटली नाकापासून दूर धरूनच कळते.

वरचे डिझेल स्वच्छ आणि तळाशी फक्त पाणी असेल, तर वरचे वापरता येते. पिंप न हलवता एक पूर्ण दिवस राहू द्यायचे, तळाची चार बोटे सोडून वरचे काढून घ्यायचे आणि बारीक जाळीच्या नरसाळ्यातून गाळायचे. ज्यात काळा बुळबुळीत पदर आला, ते ट्रॅक्टरच्या कामाचे नाही. थोडे ताजे डिझेल मिसळून ते खपवण्याचा मोह होतो. दादांनाही झाला होता. मिस्त्री म्हणाले, "दूध नासलं त त्यात ताजं दूध टाकता काय?" असे डिझेल शेतात किंवा नालीत ओतणेही वाईट. जमीन आपली आणि विहीरही आपलीच. झाकण लावून वेगळे ठेवावे आणि गॅरेजवाले जुने ऑइल जिथे देतात तिथे द्यावे.

पिंप कोणते आहे, याचेही महत्त्व आहे. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे डिझेलसाठी घेऊ नये. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो गाळण्यांत साचतो. कीटकनाशकाचे रिकामे पिंप धुऊन वापरणारेही मी पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे! पिंप काठोकाठ भरणेही चूक आहे. दोनशे लिटर डिझेल वीस अंशांनी तापले तर ते तीन लिटरांहून अधिक फुगते. तेवढी जागा वर मोकळी हवी.

कधी दोष पिंपाचा नसतो, डिझेल आणले तेव्हापासूनच त्यात खोट असते. मराठीत याला भेसळ म्हणतात, उर्दूत मिलावट. रॉकेल डिझेलपेक्षा हलके असते. ते मिसळले की डिझेलची घनता, म्हणजे कसाफत, कमी होते. म्हणूनच पंपावर त्या दिवसाच्या इंधनाची घनता लिहिलेली असते. ग्राहक ती मोजून दाखवायला सांगू शकतो. माप कमी वाटले तर पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापात मोजून मागू शकतो. हा आपला हक्क आहे, भांडण नव्हे. थोडी भेसळ मात्र घनतेतही लपून जाते, हे लक्षात ठेवा. तिथे प्रयोगशाळाच हवी.

भेसळीच्या धंद्यात केवढा पैसा आणि केवढी क्रूरता आहे, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळून जात होते. तिथे मोठे इंधन डेपो आहेत. रस्त्याच्या कडेला इंधनाचा चोरटा व्यवहार चालल्याचा त्यांना संशय आला. ते उतरले आणि छायाचित्रे घेऊ लागले. त्या लोकांनी त्यांना दिवसाढवळ्या जाळून ठार केले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये जाणाऱ्या डिझेलच्या शुद्धतेशी या अधिकाऱ्याच्या मरणाचा सरळ संबंध आहे, म्हणून त्यांचे नाव मी इथे घेतले.

आता थोडे तुमच्यासाठी. पिंपातून डबक्यात डिझेल काढताना रबरी नळी तोंडाने ओढण्याची सवय खेड्यापाड्यांत फार आहे. मुलांनो, हे कोणी सांगितले तरी करू नका. एक घोट श्वासाबरोबर फुफ्फुसात गेला तर जिवावर बेतते. हातपंप फार महाग नसतो. दुसरे असे, की "डिझेल पेट्रोलसारखे पेट घेत नाही," हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते अर्धेच खरे आहे. भारतीय मानकानुसार डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकेल असे तापमान किमान ३५ अंश असले म्हणजे पुरे. अकोल्यातल्या मे महिन्यातली दुपार आठवा आणि पिंपाशेजारी बिडी ओढणाऱ्याचा विचार करा. पिंप राहत्या घरात, चुलीजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी असता कामा नये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका ठिकाणी अडीच हजार लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येते. मात्र कोणतेही एक भांडे एक हजार लिटरपेक्षा मोठे असू नये. एवढे डिझेल आपल्या लहान शेतकऱ्याला कधी लागतच नाही.

खरे तर त्याला त्याहून फार कमी लागते, आणि चाचांचा हिशेब मला इथेच पटतो. ते आता जूनमध्ये दोनशे लिटर आणत नाहीत. किती एकर पेरायचे, किती तास लागतील, हे वहीत मांडतात आणि तेवढेच आणतात. वर दहा-वीस लिटर. पेरणी झाली की पिंप रिकामे करून, पुसून, बूच लावून ठेवतात. रब्बीसाठी दसऱ्यानंतर नवे डिझेल येते. पिंपावर ते खडूने तारीख आणि लिटर लिहितात. चाचा उर्दू शाळेत शिकले, म्हणून तारीख उर्दूत असते. शेजारचे दादा त्यांच्याच खडूने आपल्या पिंपावर मराठीत लिहितात. मागच्या दिवाळीत मी गेलो, तेव्हा दोन्ही पिंपे एकाच छपराखाली ओंडक्यांवर आडवी होती आणि दोन्हींवर तारीख एकच होती.